केवलरामभाऊंनी तपासलेले दोन स्पीकर

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळी सातपर्यंत धुकं. गॅसची नवी टाकी लावली. अकरा वाजता कुरिअर आलं, दोन खोकी. रीताने नागपूरहून दोन बिनतारी स्पीकर मागवून पाठवले. एक निळा, तांब्याएवढा. एक काळा, पाच लिटरच्या तेलाच्या डब्याएवढा. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा सात दिवसांत परत. केवलरामभाऊंना निरोप धाडला. वेलावरचे दोडके काढले, सहा निघाले. दुपारी गुडघा दुखला.

त्या दिवशी वहीत एवढंच आहे. रीता माझी लेक. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, वहीत जे घडलं ते लिहा, काय वाटलं ते प्रार्थनेत सांगा. ती सवय साठ वर्षांत सुटली नाही. पण केवलरामभाऊंबद्दल लिहायचं तर चार ओळी पुरत नाहीत, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहीत आहे.

नवेगाव बांधमध्ये त्यांना सगळे केवलराम माइकवाले म्हणतात. वय बहात्तर. घराणं तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातलं. वडिलांचं सगळं आयुष्य धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पाण्याच्या पाळ्या यांत गेलं. मुलाने तेच करावं ही त्यांची इच्छा. मुलगा मात्र गोंदियाला एका रेडिओच्या दुकानात दोन वर्षं राहिला आणि परत आला तो एक अँप्लिफायर, एक माइक आणि दोन भोंगे बैलगाडीत घालून. वडील गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले म्हणे, "याले चारा काय घालतं?"

मी इथे १९७६ साली आले. यजमान वनखात्यात होते, मला शाळेत नोकरी मिळाली. सामानाच्या ट्रकमध्ये आमचा रेडिओ बंद पडला होता. तेव्हा केवलरामभाऊ पहिल्यांदा घरी आले. तेविशीचे, सडपातळ, खिशाला तीन पेचकस. त्यांनी मागचं झाकण उघडलं, एक फुंकर मारली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बाई, याच्यात झुरळानं घर केलं. भाडं देते का तुमाले?"

रेडिओ सुरू झाला. पुढची एकतीस वर्षं तो त्यांच्याच हातांनी सुरू राहिला.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती. आवाज मशीनजवळ बसणाऱ्याला कळत नाही, पल्याडच्या माणसाला कळतो, असं ते म्हणत. म्हणून लग्न असो की मंडईच्या जत्रेतलं नाटक, भोंगे बांधून झाले की त्यांची बायको शांतीबाई मांडवापासून दूर चालत जायची. बांध्यांच्या कडेकडेने, धुऱ्यावरून पावलं मोजत जायची आणि थांबून खूण करायची. ऐकू आलं की उजवा हात वर. शब्द कळले की दोन्ही हात. आवाज फाटला तर पदर हलवायचा. त्यावर हे इकडे आवाजाची खुंटी फिरवायचे. आवाज ते पावलांत सांगत. "हा भोंगा तीनशे पावलाचा हाय," असं.

सुरुवातीला, १९७७ च्या मे महिन्यातल्या एका लग्नात, शांतीबाई झाडाआड दिसेनात तेव्हा यांनी भोंग्यातून हाक मारली, "शांते, हात दाखव!" त्या काळात नवरा बायकोचं नाव घरातसुद्धा घेत नसे. इथे ते तलावाच्या त्या काठापर्यंत गेलं. वरात हसली, भटजी हसले. वडील आठ दिवस मुलाशी बोलले नाहीत. शाळेत माझ्या वर्गातली मुलं महिनाभर एकमेकांना "शांते, हात दाखव" म्हणत होती. मी दोघांना बाकावर उभं केल्याची नोंद आहे.

तर असे हे केवलरामभाऊ बुधवारी सकाळी नऊ वाजता शांतीबाईंना घेऊन स्पीकर बघायला आले.

आधी त्यांनी दोन्ही स्पीकर हातात तोलले. शांतीबाईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून जाळीजवळ नेली आणि लोहचुंबक किती ओढतो ते पाहिलं. काळा उलटा करून टकटक केलं. मग म्हणाले, "चालू तं करा."

"चालूच आहे," मी म्हटलं. निळ्यावर आकाशवाणीच्या बातम्या लागल्या होत्या. माझ्या फोनवर आवाजाची जी पट्टी दिसते तिची पंधरा घरं आहेत, त्यांतलं पाचवं.

केवलरामभाऊ स्पीकरकडे पाहत राहिले.

"केव्हाचा बोलून राहिला तो," शांतीबाई म्हणाल्या. "पावसाचं सांगून राहिला. कायले डोळे फाडून पाहता? डोळ्यानं आयकता का?"

"मुका हाय हा," त्यांनी निर्णय दिला. "वापस धाडा."

मग काळा लावला. तो बोलू लागला तशी फळीवरची वाटी थरथरली. बातम्या सांगणारा माणूस रांजणात बसून बोलतो आहे असं मला वाटलं. केवलरामभाऊंचा चेहरा मात्र खुलला. "याले म्हनतात आवाज!"

शांतीबाई चहा ठेवायला आत गेल्या. त्या गेल्याची खात्री करून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बाई, मागच्या मंडईत शिट्टी वाजली होती का?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. आमच्या गावच्या नाटकाला माइकवर अठ्ठेचाळीस वर्षं केवलरामभाऊच बसतात. माइकचा आवाज भोंग्यातून परत माइकमध्ये शिरला की शिट्टी सुटते. चांगला माणूस ती सुटण्याआधीच ओळखतो आणि खुंटी मागे घेतो.

"वाजली होती," मी म्हटलं.

"कितीदा?"

मी मागच्या वर्षीची वही आणली. तीनदा. दुसऱ्या वेळी लोक उठून ओरडले. नायिकेचं रडणं अर्ध्यावर थांबलं.

"मले एकबी नाही आयकू आली," ते म्हणाले. "मले वाटलं, लोकं नाटकाले हासून राहिले."

आत कपबशा वाजत होत्या. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "शनिवारी दुर्गेश येऊन राहिला, कमिटीचा. या साली मशीनवर कोन बसन ते इचाराले. नाही तं अर्जुनीचा डीजे बोलावते म्हने. होय म्हनू का नाही म्हनू, तेच समजत नाही."

"कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या ना."

"डाक्टर सांगन बुढापा हाय. ते तं मले आरशातबी दिसते." मग त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "मले पावलात सांगा. किती पावलं आयकू येते ते मोजून याच्यात लिवा. तुमी लिवलं तं मी मानन. घरची खरं सांगत नाही, मले जपते."

मी हो म्हटलं. आपण कशाला हो म्हणतो आहोत ते मला त्या वेळी पुरतं कळलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. मी वही, पेन आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल घेतलं होतं. वारा नव्हता. पाण्यात एक डोंगा होता. घरात लावायचा स्पीकर तलावाच्या पाळीवर तपासायला नेणारं दुसरं गाव नसेल, पण केवलरामभाऊंना आवाज उघड्यावरच कळतो आणि मी तरी काय बोलणार.

पहिली फेरी नेहमीसारखी. फोनवर पट्टी सहाव्या घरावर, केवलरामभाऊ स्पीकरजवळ, शांतीबाई पाळीवरून चालत निघाल्या. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, पण चाल तीच. निळ्याला साठ पावलांवर त्यांचे दोन्ही हात वर होते. काळा एकशे चाळीस पावलांपर्यंत ऐकू आला, पण शब्द कळले ते सत्तरपर्यंतच. मी दोन्ही आकडे लिहिले. मग केवलरामभाऊंनी काळ्याचा आवाज तेरा घरांवर नेला. तो असा फाटला की माझे दात शिवशिवले. पलीकडे शांतीबाई पदर हलवत होत्या. हे हसऱ्या चेहऱ्याने चौदावर गेले.

डोंग्यातला माणूस ओरडला, "काऊन जी माइकवाले, मासोळ्याईची मंडई भरली का?"

शांतीबाई धापा टाकत परत आल्या. "पदर फाटाची वेळ आली, तरी याइचं वाढवनं सुरूच! बाईले रांधता रांधता आयकाचं हाय, बरात काढाची नाही!"

केवलरामभाऊंनी बटण दाबून आवाज बंद केला. "आता मी जातो पल्याड," ते म्हणाले. "निळा लाव. सहावरच."

लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण ते पल्याड कधी गेले नव्हते. शांतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

ते शंभर पावलं गेले आणि वळून उभे राहिले. निळा स्पीकर बोलत होता, बाजारभाव सांगत होता. हात वर गेला नाही. ते पुढे आले. ऐंशी. साठ. थांबून त्यांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. चाळीस. आता त्यांचा चेहरा दिसू लागला. वर्गात उत्तर येत नसलेला मुलगा दुसऱ्याच्या ओठांकडे बघतो तसे ते आमच्याकडे बघत होते. शांतीबाईंच्या हातात माझा फोन होता. त्यांचा अंगठा हलला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. अठरा पावलांवर केवलरामभाऊंनी उजवा हात वर केला.

"अठरा," ते जवळ येऊन म्हणाले. "अठरा म्हंजे अगदीच काही नाही असं नाही. लिवलं का?"

"लिहिलं."

"वाचा."

शांतीबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी वाचलं: "निळा, सहा. शांतीबाई साठ पावलं. केवलरामभाऊ अठरा पावलं. मध्ये शांतीबाईंनी आवाज नऊ केला."

केवलरामभाऊ बायकोकडे वळले. "नऊ केला?"

"बोट लागलं."

"तीनदा?"

"थंडीनं बोट कापून राहिलं."

आम्ही तिघंही घामाने भिजलो होतो. डोंग्यातल्या माणसाने सदरासुद्धा काढून ठेवला होता.

"सहावर पुन्हा," केवलरामभाऊ म्हणाले. "बाई, फोन तुमी धरा."

या वेळी ते शंभरापर्यंत गेलेच नाहीत. वीस पावलांवर उभे राहिले आणि एकेक पाऊल पुढे टाकत आले. मी अकरा लिहिलं.

ते पाळीच्या दगडावर बसले. "अकरा पावलात स्टेजबी नाही बसत," ते म्हणाले. सामान त्यांनीच उचललं. काळा स्पीकर एका काखेत आणि माझं स्टूल दुसऱ्या.

परतताना शांतीबाई माझ्याबरोबर मागे राहिल्या. फाटकाशी म्हणाल्या, "बाई, तुमच्या वहीत एक ओळ कमी असती तं काय बिघडलं असतं?"

त्या दिवशीच्या पानावर अकराच्या आकड्याखाली मी फक्त बाजाराचं लिहिलं आहे.

दोन दिवस मी माझं माझं तपासून पाहिलं. निळा स्वयंपाकघरात, पाचव्या घरावर: मिक्सर सुरू नसेल तर प्रत्येक शब्द स्पष्ट. न्हाणीघराचं दार लावलं तरी ऐकू येतो. एकदा चार्ज केला की रोज दोन तास लावून चार दिवस चालतो. काळ्याचे दिवे लाल-हिरवे लुकलुकतात आणि बंद करायचे कसे ते सापडलं नाही. जुनी गाणी त्यावर लावली तर ढोलकी तेवढी पुढे येते, गाणारी बाई मागच्या खोलीत उभी असल्यासारखी वाटते. यजमान होते तेव्हा सकाळच्या गाण्यांना आम्ही रेडिओ हळूच लावायचो, ते दाढी करत, मी पोळ्या लाटत. मोठ्याने लावायचं कधी कारण पडलं नाही. शुक्रवारी रात्री रीताला फोन करून सांगितलं, निळा ठेवते.

शनिवारी सकाळी केवलरामभाऊंचा निरोप आला, वही घेऊन या. मी गेले तेव्हा दुर्गेश ओसरीवर खुर्चीत बसला होता. माझा विद्यार्थी, भूगोलात कच्चा. मला पाहून उठून उभा राहिला.

"काकाजी, कमिटीचं म्हननं असं हाय," तो सांगू लागला, "तुमचा मान हायेच. नारळ तुमच्याच हातानं फोडू. पन मशीन—"

"मशीनवर मी नाही बसत," केवलरामभाऊ म्हणाले.

दुर्गेशने श्वास सोडलेला मला दिसला. "मंग अर्जुनीवाल्याले सांगून देतो."

"कायले? मशीनवर हे बसन." त्यांनी मानेने शांतीबाईंकडे खूण केली.

शांतीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप थांबलं. "कोन? मी? डोक्यावर गिरलं का तुमच्या? बाईमानूस मशीनवर पाहून लोकं हासतीन."

"मागच्या साली माह्यावर हासले, या साली तुह्यावर हासू दे. पारीपारीनं."

"मजाक नका करू ना काकाजी," दुर्गेश म्हणाला. "आजीले खुंट्या समजतीन का?"

"खुंट्या माह्या हातानं फिरे, पन कोनाच्या सांगन्यावरून फिरे?" केवलरामभाऊंचा आवाज चढला. त्यांना स्वतःचा आवाजही हल्ली कमीच ऐकू येत असावा. "बाई, वाचा."

मी उभी राहून गुरुवारचं पान वाचलं. साठ, एकशे चाळीस, सत्तर. मग अठरा, नऊ केल्याची ओळ आणि अकरा. अकरा वाचताना मी थांबले, पण केवलरामभाऊंनीच हाताने 'पुढे' अशी खूण केली.

दुर्गेशने डोकं खाजवलं. "साठ पावलं? मले तं सैंपाकखोलीतून माय आवाज देते तेबी आयकू येत नाही."

"ते आयकू येते," शांतीबाई म्हणाल्या. "काम सांगते म्हनून येत नाही."

ओसरीवर पहिल्यांदा हसणं झालं. दुर्गेशने अट घातली. मंडईच्या दिवशी दुपारी सगळ्या कमिटीपुढे मशीन लावून दाखवायची. शिट्टी वाजली तर संध्याकाळपर्यंत डीजे. केवलरामभाऊंनी मान्य केलं. शांतीबाईंनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि मला विचारलं, "चश्मा लावून बसलं तं चालते का बाई?" माझ्याशी गुरुवारनंतरचं ते त्यांचं पहिलं बोलणं.

पुढचे सात दिवस त्यांच्या घरून रोज दुपारी हॅलो हॅलो ऐकू येत होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. काळा स्पीकर मी सोमवारी परत धाडला. कुरिअरवाल्याने खोकं हलवून पाहिलं आणि विचारलं, "चांगला होता ना बाई, का धाडून राहिल्या?" मी म्हटलं, "पाळीसाठी चांगला होता."

२६ तारखेला, रविवारी, मंडई होती. तीन वाजता मी मैदानावर गेले. मिठाईची दुकानं लागत होती, पाळण्याचे खांब उभे होत होते. केवलरामभाऊंनी भोंगे स्वतः बांधले, तारा स्वतः ओढल्या. कोणाला हात लावू दिला नाही. मशीनपुढे शांतीबाई चष्मा लावून, पदर खोचून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. कमिटीचे नऊ जण ओळीने उभे. दुर्गेशला गमछा देऊन मैदानाच्या शेवटच्या टोकाला पिटाळलं होतं.

केवलरामभाऊ स्टेजवर माइकपुढे गेले आणि बोलू लागले. शिंगाडे, शेवया, चकल्या, जे सुचेल ते. शांतीबाईंचा हात खुंटीवर होता आणि डोळे मिटलेले. एकदा बारीक शिट्टी सुरू झाली. मी ऐकली. कमिटीतल्या एकाने मान वळवली, तोवर ती थांबलीसुद्धा होती. स्टेजवरच्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. तो चकल्यांवरून लाडवांवर गेला होता.

सव्वाचार वाजता कमिटीने हो म्हटलं. लांबून दुर्गेश दोन्ही हात वर करून येत होता. दोन बायका मशीनजवळ येऊन शांतीबाईंकडे बघून हसल्या. शांतीबाई त्यांना म्हणाल्या, "हासून घ्या. नाटक सुरू झालं का मंग आवाज माह्या हातात हाय."

केवलरामभाऊ स्टेजमागे उरलेली तार कोपरावर गुंडाळत होते. मी जवळ जाऊन विचारलं, आवाज कसा वाटला.

"काय म्हनता?"

मी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"तिले इचारा," ते म्हणाले. तार संपेपर्यंत गुंडाळत राहिले. मग गुंडाळी खिळ्याला लावून त्यांनी हात झटकले आणि शांतीबाईंसाठी चहा आणायला गेले. मशीनवर बसलेल्या माणसाला जागा सोडता येत नाही.

नाटकाला मी थांबले नाही, गुडघा दुखत होता. घरी येऊन लिहिलं ते असं:

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. मंडई. आवाजाची तपासणी तीन ते सव्वाचार, मशीनवर शांतीबाई, कमिटीचा होकार. रीता आणि जावई साडेपाचला आले, मुक्कामाला आहेत. सकाळी उन्हात टाकलेल्या दोन गाद्या आत घेतल्या. एकीची शिवण उसवली आहे.